चौरस आहार: तक्त्यातला आणि ताटातला

"समतोल आहार म्हणजे काय ते सांगून त्यातील घटकांची नावे लिहा." हा प्रश्न तुम्हांला नवा नाही. त्याचे उत्तरही तुम्हांला तोंडपाठ असणार. पिष्टमय पदार्थ, प्रथिने, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वे, खनिजे आणि पाणी. प्रत्येकापुढे दोन-दोन उदाहरणे लिहिली, की गुण मिळाले.

आता दुसरा प्रश्न पाहा. "काल दिवसभरात तुम्ही जे खाल्ले त्यात कोणत्या गटातील अन्न कमी पडले? ती उणीव तुमच्या गावात मिळणाऱ्या आणि तुमच्या घरी परवडणाऱ्या कोणत्या पदार्थाने भरून निघेल?" येथे मात्र बहुतेकांची लेखणी अडेल. वास्तविक पहिल्या प्रश्नाचे उत्तर ज्याला खरोखर कळले, त्याला दुसरा प्रश्न कठीण जाऊ नये. तो कठीण जातो याचा अर्थ एवढाच, की आपण यादी शिकलो, आहार शिकलो नाही. यात दोष तुमचा नाही. शिकवण्याच्या पद्धतीचा आहे.

माझे मत असे, की आहाराचा धडा भिंतीवरच्या तक्त्यावरून शिकवणे आता पुरे झाले. तो ताटावरून शिकवला पाहिजे. आणि तोही वजनमापे, आकडेमोड आणि प्रयोग यांच्या साहाय्याने, म्हणजे विज्ञानाचा कोणताही धडा शिकवावा तसा. असे मी का म्हणतो, ते क्रमाने पाहू.

गट निसर्गाने केलेले नाहीत

पहिली गोष्ट ही, की अन्नगट ही काही मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीसारखी निसर्गाची रचना नव्हे. ती माणसाने सोयीसाठी केलेली मांडणी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, अमेरिकेच्या शेतकी खात्याने जनतेला अन्नाचे सात गट सांगितले. १९५६ साली त्याच खात्याने सातांचे चार केले. १९९२ साली गटांचा मनोरा झाला आणि २०११ साली मनोरा जाऊन ताटाचे चित्र आले. आपल्याकडे तृणधान्ये, डाळी, दूध व मांस-मासे-अंडी, फळे-भाज्या आणि तेल-साखर असे पाच गट पाठ्यपुस्तकांतून बरीच वर्षे शिकवले गेले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली ज्या मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या, त्यांतही दिवसभराच्या आहाराचे ताटच दाखवले आहे. त्या ताटाचा जवळजवळ निम्मा भाग भाज्या व फळे यांनी व्यापलेला आहे.

एवढ्या वर्षांत गहू, दूध किंवा कांदा बदलला नाही. बदलली ती आपली माहिती आणि ती लोकांना सांगण्याची रीत. स्वयंपाकघरातला मिसळणाचा डबा आठवा. त्यात वाट्या किती असाव्यात हे मोहरी-जिरे ठरवत नाहीत, घरातली माणसे ठरवतात. गटांचेही तसेच आहे. म्हणून गटांची संख्या पाठ करण्याला फारसे महत्त्व नाही. गट का केले, हे समजण्याला आहे.

ते का केले, याचे एक उदाहरण घेऊ. प्रथिने म्हणजे अमिनो आम्लांच्या लांब साखळ्या. त्यांपैकी नऊ अमिनो आम्ले आपल्या शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत. ती अन्नातूनच मिळावी लागतात. ज्वारी, तांदूळ, गहू यांच्या प्रथिनांत लायसिन नावाचे अमिनो आम्ल कमी असते. डाळींच्या प्रथिनांत ते भरपूर असते, पण मिथिओनिन कमी असते. म्हणजे एकाचे उणे ते दुसऱ्याचे अधिक. भाकरीबरोबर पिठले, भाताबरोबर वरण, खिचडीत तांदूळ आणि मुगाची डाळ या जोड्या आपल्या घरांत रसायनशास्त्र न शिकताच जमल्या आहेत. दोन्ही एकाच घासात असावीत असे मात्र नाही. दिवसभराच्या जेवणात दोन्ही आली तरी चालते.

यावरून गटांचा एक साधा नियम निघतो. गटातल्या गटात अदलाबदल बहुधा चालते, एका गटाऐवजी दुसरा गट चालत नाही. तुरीऐवजी मसूर किंवा मटकी चालेल, पण डाळीऐवजी आणखी भात चालणार नाही. या नियमालाही अपवाद आहेतच. नाचणी हे तृणधान्य, पण तिच्या १०० ग्रॅममध्ये ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. तांदळात ते अगदीच थोडे असते. भुईमुगाचा दाणा तर तेलबियाही आहे आणि प्रथिनांचा साठाही. हे अपवाद वर्गात आवर्जून सांगावेत. विज्ञानात अपवाद हीच विचाराला सुरुवात करून देणारी जागा असते.

तक्त्यावरचे सफरचंद

दुसरी गोष्ट थोडी नाजूक आहे, आणि माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. तक्त्यावर चित्रे कोणती असतात ते पाहा. लालभडक सफरचंद, द्राक्षांचा घोस, दुधाचा भरलेला पेला, पावाचे काप. चित्रात भाकरी क्वचित दिसते. ठेचा, अंबाडीची भाजी, कुळथाचे पिठले, सुकट, जवळा, करवंदे, बोरे तर नाहीतच. ज्या मुलाच्या डब्यात भाकरी आणि कांदा आहे, तो मुलगा हा तक्ता पाहून काय शिकतो? चांगला आहार म्हणजे दुसऱ्यांच्या घरचा आहार, एवढेच तो शिकतो. मग तो डब्याचे झाकण आडवे धरून खाऊ लागतो. मुलाला आपल्या घरच्या अन्नाची लाज वाटायला लावणारा धडा आरोग्याचा धडा होऊ शकत नाही.

शिवाय तक्त्यावरचे चित्र शास्त्रालाही धरून नसते. क जीवनसत्त्वाच्या बाबतीत पेरू हा सफरचंदाच्या कितीतरी पट सरस आहे. १०० ग्रॅम पेरूत ते सुमारे २०० मिलिग्रॅम असते, तर तेवढ्याच सफरचंदात दहा मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही. आवळ्याचा क्रमांक तर पेरूच्याही वर लागतो. दुधाला आपण 'पूर्णान्न' म्हणतो. दूध उत्तम अन्न आहे यात शंका नाही, परंतु त्यात लोह नाममात्र असते आणि क जीवनसत्त्वही फार कमी असते. केवळ दुधावर कोणाचा आहार पूर्ण होत नाही. पूर्ण असे एकटे अन्न मोठ्या मुलांसाठी नाहीच. पूर्ण होते ते ताट, आणि तेही अनेक पदार्थ मिळून.

आता एक साधे ताट घ्या. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, मेथीची भाजी, कच्चा कांदा, लिंबाची फोड आणि वाटीभर ताक. तृणधान्य आले, कडधान्य आले, पालेभाजी आली, दूधही ताकाच्या रूपाने आले, फोडणीतून तेल आले. कोकणातले भात, माशाचे कालवण, लाल माठाची भाजी आणि आमसुलाचे सार हे ताटही तक्त्याच्या कसोटीला उतरते. कोणाच्या घरी मासे-मटण खातात, कोणाच्या घरी खात नाहीत. यात श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवणे हे आहारशास्त्राचे काम नव्हे. कोणत्या ताटात काय आहे आणि काय नाही, एवढेच त्याने सांगावे.

खिचडीचे गणित

तिसरी गोष्ट आकडेमोडीची. आहार हा मोजण्याचा विषय आहे आणि त्याचे उत्तम उदाहरण आपल्या शाळेतच शिजते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झालेली शालेय पोषण योजना २०२१ पासून 'पीएम पोषण' या नावाने चालते. तिच्या निकषांप्रमाणे सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्याला एका जेवणातून ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने मिळावीत असे ठरले आहे. त्यासाठी धान्य १५० ग्रॅम, डाळ ३० ग्रॅम, भाजी ७५ ग्रॅम आणि तेल साडेसात ग्रॅम असे प्रमाण आहे. ही सर्व वजने कच्च्या जिनसांची आहेत. या प्रमाणात खरोखर तेवढे पोषण मिळते का? चला, ताळा करून पाहू.

१०० ग्रॅम तांदळात सुमारे ३५० उष्मांक असतात, म्हणून १५० ग्रॅममध्ये ५२५. डाळीत १०० ग्रॅमला सुमारे ३३५, म्हणजे ३० ग्रॅमला १००. तेलाच्या प्रत्येक ग्रॅमला ९ उष्मांक, म्हणून साडेसात ग्रॅमला सुमारे ६८. भाजीचे २० ते २५ धरू. बेरीज ७१५ च्या आसपास येते. उष्मांकांचा हिशोब जुळला.

आता प्रथिने. तांदळात १०० ग्रॅमला ७ ते ८ ग्रॅम, म्हणून १५० ग्रॅमला सुमारे ११. तुरीच्या डाळीत १०० ग्रॅमला सुमारे २२, म्हणून ३० ग्रॅमला साडेसहा. भाजीतून एक-दीड ग्रॅम. बेरीज १९ च्या जवळपास. म्हणजे २० ला थोडी कमी पडली. त्यात दहा ग्रॅम शेंगदाणे घातले तर अडीच ग्रॅम प्रथिने वाढतात आणि हिशोब पुरा होतो. उलट डाळ पातळ करून ३० ग्रॅमऐवजी १५ ग्रॅमच घातली, तर तीन ग्रॅमहून अधिक प्रथिने एका झटक्यात कमी होतात. खिचडी तेवढीच पिवळी दिसते, ताटही तेवढेच भरलेले दिसते. कमी झालेले डोळ्यांना दिसत नाही. ते फक्त गणिताला दिसते.

अजून एक गोष्ट या गणितातून कळते. ७१५ पैकी ५२५ उष्मांक एकट्या तांदळाचे आहेत, म्हणजे सुमारे ७३ टक्के. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या सूचनांप्रमाणे दिवसाच्या एकूण उष्मांकांत तृणधान्यांचा वाटा ४५ टक्क्यांपर्यंत असावा. हे प्रमाण पूर्ण दिवसाचे आहे, एका जेवणाचे नाही, हे खरे. पण घरीही भात किंवा भाकरीच जास्त आणि बाकी सारे चमचाभर असेल, तर दिवसाचा हिशोबही असाच एकीकडे झुकणार. ज्या विद्यार्थ्याने हे गणित एकदा स्वतः सोडवले, त्याला 'समतोल' या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

"पण ज्ञानाने पोट भरते का?"

येथे कोणी आक्षेप घेईल. घरात जे शिजते ते मुले ठरवत नाहीत, आणि अनेक घरांत ते आईसुद्धा ठरवत नाही, मजुरी ठरवते. मग अन्नगट शिकवून काय उपयोग? हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचा विचार आपल्याच मातीतल्या एका शास्त्रज्ञाने फार पूर्वी केला आहे.

डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातल्या बुध या गावचे. संख्याशास्त्राचे ते गाढे अभ्यासक. १९५१ पासून सुमारे वीस वर्षे ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत होते. त्या काळी जगभर अशी समजूत होती, की गरीब देशांपुढचा मुख्य प्रश्न प्रथिनांच्या तुटवड्याचा आहे. प्रथिनांची महागडी पिठे आणि चूर्णे तयार करण्यासाठी योजना आखल्या जात होत्या. सुखात्मे यांनी आकडेवारी मांडून दाखवले, की ज्यांना प्रथिने कमी पडतात त्यांतील बहुतेकांना मुळात अन्नच कमी पडते. शरीराला उष्मांक अपुरे पडले, की खाल्लेली प्रथिने ते सरपणासारखी जाळते. घर बांधायला आणलेले लाकूड चुलीत गेले तर घर उभे कसे राहणार? पोटभर वरण-भात किंवा भाकरी-पिठले मिळाले, तर प्रथिनांची गरज बऱ्याच अंशी आपोआप भागते. पुढे १९७४ साली मॅक्लारेन या शास्त्रज्ञाने 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रथिनांविषयीच्या त्या गाजावाजाची परखड चिकित्सा केली. सुखात्मे यांच्या नंतरच्या काही मतांवर बराच वाद झाला, पण 'आधी पोटभर' हा त्यांचा मुद्दा टिकून राहिला.

तेव्हा आक्षेपाचे उत्तर असे. आहाराच्या धड्याची पहिली ओळ 'पुरेसे अन्न' हीच असली पाहिजे. ज्याला पुरेसे मिळत नाही त्याला वैविध्याचा उपदेश करणे हा क्रूरपणा आहे. अशा मुलासाठी शाळेची खिचडी पुरी आणि घट्ट मिळणे, हेच पहिले आहारशास्त्र. परंतु ती नीट मिळते की नाही हे तपासण्यासाठीसुद्धा वरचे गणित यावे लागते. ज्ञानाने पोट भरत नाही, पण पोटात काय जायला हवे होते आणि काय गेले, हे ज्ञानानेच कळते.

पोटभर खाऊनही उपाशी

आता याची दुसरी बाजू. पोट भरले म्हणजे सर्व झाले असेही नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वर्षे वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय असल्याचे आढळले. त्याच वयाच्या मुलग्यांत हे प्रमाण ३१ टक्के होते. दहावीच्या वर्गात चाळीस मुली बसल्या असतील, तर त्यांतील वीसहून अधिक मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी असण्याचा संभव आहे. जिना चढताना धाप लागणे, अभ्यासात लक्ष न लागणे, सतत थकवा वाटणे यामागे आळस नसून रक्तक्षय असू शकतो.

रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत. लोहाची कमतरता हे त्यांतले मोठे कारण. जंत, हिवताप, फोलिक आम्लाची किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव हीही कारणे असतात. म्हणून थकवा टिकून राहिला तर रक्त तपासून घ्यावे, आणि शाळेत दर आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळत असेल तर ती जेवणानंतर घ्यावी, दप्तरात ठेवून देऊ नये. आहाराच्या बाबतीत दोन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. डाळी, धान्ये आणि पालेभाज्या यांतले लोह शरीरात सहज शोषले जात नाही. त्याच जेवणात लिंबू, पेरू किंवा आवळा असेल, तर क जीवनसत्त्वामुळे ते शोषण वाढते. उलट जेवणाबरोबर चहा घेतला तर चहातील टॅनिनमुळे ते घटते. लिंबाची फोड महाग नाही, आणि चहा तासभर पुढे ढकलायला तर काहीच पैसे पडत नाहीत.

आणि एक गोष्ट कोणत्याही तक्त्यावर नसते, ती येथे सांगितली पाहिजे. घरात शेवटी कोण जेवते? उसळ आणि भाजी संपल्यावर उरलेल्या भाकरीवर कोण भागवते? बहुतेक घरांत आई आणि मुली. अन्नगटांची सारी माहिती खरी असली, तरी पानात वाढण्याचा क्रम चुकला तर ती निरुपयोगी ठरते. हे मुलींना सांगण्यापेक्षा मुलग्यांना सांगणे अधिक गरजेचे आहे. मुलांनो, सर्वांनी एकत्र जेवायला बसणे हा सुद्धा पोषणाचा एक उपाय आहे, आणि तो आजपासून करता येतो.

पाकिटाची पाठ वाचा

आजच्या ताटाशेजारी पाकीटही येऊन बसले आहे. शाळेबाहेरच्या दुकानात वेफर्स, बिस्किटे आणि गोड पेये सहज मिळतात. 'हे खाऊ नका' असे नुसते म्हटल्याने कोणी थांबत नाही. त्यापेक्षा पाकिटाची मागची बाजू वाचायला शिकावे. त्यावरची घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. साखर दुसऱ्याच क्रमांकावर असेल तर पुढे विचारायची गरज नाही. मिठाचा हिशोब असा करा. १ ग्रॅम सोडियम म्हणजे अडीच ग्रॅम मीठ. समजा, १०० ग्रॅम पदार्थात ८०० मिलिग्रॅम सोडियम लिहिले आहे. म्हणजे मीठ झाले २ ग्रॅम. दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा अधिक मीठ नको असे तज्ज्ञ सांगतात. राहिलेल्या तीन ग्रॅममध्ये आमटी, भाजी, चटणी, लोणचे सारे बसवायचे आहे. निर्णय तुमचा तुम्हीच घ्या.

शिक्षकांना विनंती

शिक्षकबंधू-भगिनींना काही सूचना कराव्याशा वाटतात. पहिली ही, की कोणाचाही डबा सर्वांसमक्ष उघडून तपासू नये. विद्यार्थ्याने आठ दिवस आपल्या आहाराची नोंद स्वतःच्या वहीत ठेवावी. ती वही त्याचीच, तिला गुण नकोत. दुसरी, आठवडी बाजारात जाऊन डाळी, कडधान्ये, अंडी, दाणे, दूध यांचे भाव टिपावेत आणि दहा ग्रॅम प्रथिने कशातून किती पैशांत पडतात याचा तक्ता मुलांकडूनच करून घ्यावा. तो तक्ता भिंतीवर लावायला माझी हरकत नाही. तिसरी, प्रयोग करावेत. भात, बटाटा, शिजवलेली डाळ, काकडी यांवर आयोडीनच्या पातळ द्रावणाचा थेंब टाकून निळा-काळा रंग कोठे येतो ते पाहावे. शेंगदाणा, खोबरे आणि हरभरा कागदावर चिरडून तेलाचा डाग कशाचा पडतो ते पाहावे. प्रयोगातले पदार्थ मात्र कोणी खाऊ नयेत. शेवटची सूचना प्रश्नपत्रिकेविषयी. यादी विचारण्याऐवजी एक ताट द्यावे आणि त्यात काय कमी आहे, ते स्वस्तात कसे भरून काढाल, असे विचारावे. जसा प्रश्न, तसाच अभ्यास मुले करतात.

विद्यार्थी मित्रहो, ही पद्धत शाळेत येईल तेव्हा येईल. तुम्हांला तोपर्यंत थांबण्याचे कारण नाही. एक तराजू, एक वही आणि आजचे जेवण एवढे साहित्य पुरेसे आहे. आज रात्री वाढलेले ताट जेवण्यापूर्वी क्षणभर नीट पाहा, काय कमी आहे ते शोधा, आणि आईच्या ताटात काय वाढले आहे तेही पाहा.